तू नक्की कुणाच्या बाजूची?

उर्दूत तुलनेला मुवाजना म्हणतात. शब्दाच्या पोटात ‘वजन’ आहे. म्हणजे तराजू घ्यायचा, दोन्ही पारड्यांत माल टाकायचा आणि काटा कुठं झुकतो ते बघायचं. या नावाचं एक पुस्तक उर्दू शिकवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हाताळावं लागतं. शिबली नोमानींनी १९०७ साली मीर अनीस आणि मिर्झा दबीर या लखनौच्या दोन शायरांचा मुवाजना लिहिला. दोघं एकाच शहरातले, एकाच काळातले, एकाच विषयावर म्हणजे करबलावर मर्सिये लिहिणारे. त्यांच्या चाहत्यांचे दोन तट होते आणि त्यांना नावंही होती, अनीसिये आणि दबीरिये. शिबलींनी दोघांच्या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या, एकेक गुण तपासला आणि माप अनीसच्या पदरात टाकलं. दबीरिये खवळले. उत्तरादाखल पुस्तकं निघाली. तेव्हा दोन्ही शायर कबरीत जाऊन तीसहून जास्त वर्षं झाली होती.

खुद्द त्या दोघांचं काय होतं? १८७४ साली अनीस गेले, तेव्हा त्यांच्या मृत्यूचं साल सांगणारा कता दबीरनं लिहिला, आणि तो इतका सुंदर उतरला की आजही लोक तो पाठ म्हणतात. पुढच्याच वर्षी दबीरही गेले. भांडण राहिलं ते चाहत्यांकडे.

हे सगळं मला वरचेवर आठवतं ते शायरीमुळं नाही, राजकारणामुळं. दोन मोठे नेते शेजारी ठेवून बोलायला लागलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ‘कोणत्या मुद्द्यावर?’ हा नसतोच. पहिला प्रश्न असतो, ‘तू नक्की कुणाच्या बाजूची?’

२००८ साली मी बी.एड. करून नुकतीच एका उर्दू हायस्कुलात शिक्षणसेवक म्हणून लागले होते. उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय माझ्याकडे. त्या वर्षी आमच्या स्टाफरूममध्ये अमेरिकेची निवडणूक जितकी गाजली तितकी नंतर एकही गाजली नाही. कारण एकच, ‘हुसेन’. बराक हुसेन ओबामा. उर्दू दैनिक आलं की आधी ते पान उघडायचं. कुणी सांगे, बाप केनियाचा मुसलमान होता. कुणी सांगे, लहानपणी इंडोनेशियात राहिलाय, अजान त्याला पाठ आहे. त्यानं कितीदा सांगितलं असेल की मी ख्रिस्ती आहे, शिकागोच्या चर्चमध्ये वीस वर्षं जातो. आमच्याकडे त्यावर उत्तर तयार होतं, ‘बोलावं लागतं तसं.’ गंमत अशी की अमेरिकेतले त्याचे कट्टर विरोधकही अगदी हेच म्हणत होते. फक्त त्यांच्या तोंडी ती शिवी होती आणि आमच्या तोंडी दुआ.

मला हिलरी क्लिंटनबद्दल कुतूहल होतं. म्हणून एका रिकाम्या तासाला कच्च्या वहीच्या पानावर मी दोन रकाने आखले. अमुक प्रश्नावर हा काय म्हणतो, ती काय म्हणते. पान भरलं तेव्हा माझंच मला नवल वाटलं, कारण दोन्ही रकाने जवळजवळ सारखेच झाले होते. ठळक फरक दोनच. पहिला इराकचा. ऑक्टोबर २००२ मध्ये हिलरींनी सिनेटमध्ये युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाच्या बाजूनं मत दिलं होतं. त्याच महिन्यात ओबामांनी शिकागोत युद्धाविरुद्ध भाषण केलं होतं. हा फरक खरा आणि मोठा. पण त्याला पोटटीपही हवी. ओबामा तेव्हा इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते, त्यांना मत द्यायचंच नव्हतं. २००५ मध्ये ते वॉशिंग्टनला पोचल्यावर युद्धाच्या खर्चाच्या मतदानात पहिली दोन-अडीच वर्षं दोघांचं वागणं सारखंच होतं. दुसरा फरक आरोग्य विम्याचा. हिलरी म्हणत होत्या, विमा प्रत्येकाला सक्तीचा करा. ओबामा म्हणत होते, सक्ती फक्त मुलांच्या विम्याची, मोठ्यांवर नको. (पुढं २०१० साली ओबामांनी सही केलेल्या कायद्यात मोठ्यांवरची सक्ती होतीच. म्हणजे हिलरींच्या रकान्यातली ओळ उचलून ओबामांच्या रकान्यात आली. तेव्हा ओबामांच्या चाहत्यांना तिचा राग आला नाही.)

ते पान स्टाफरूममध्ये फिरलं. ज्येष्ठ सर म्हणाले, ‘आपा, तुम्ही बाईमाणूस, तुम्हाला हिलरी जवळची वाटणारच.’ दुसरे म्हणाले, ‘थोडा उम्मतचा विचार करा.’ आणि पलीकडच्या मराठी शाळेतले एक सर कामासाठी आले होते, ते पान वाचून हसत म्हणाले, ‘मॅडम, नाव हुसेन आहे म्हणून तुम्ही ओबामांकडं झुकलाय, उघड दिसतंय.’ एकच पान. तिघांनी वाचलं आणि तिघांनी त्यात माझं मत शोधलं. विम्याच्या ओळीपर्यंत कुणीच पोचलं नाही.

अमेरिकेतही वेगळं काही चाललं नव्हतं. त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक पक्षातल्या लढतीचा इतिहास म्हणजे तुलनांवरून पेटलेल्या भांडणांचा इतिहास आहे, असं म्हटलं तरी चालेल. जानेवारीत हिलरी म्हणाल्या की मार्टिन ल्यूथर किंग यांचं स्वप्न प्रत्यक्षात यायला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा करावा लागला. इतिहास म्हणून यात खोटं काही नाही. पण किंग म्हणजे ओबामा आणि जॉन्सन म्हणजे आपण, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि एकच गदारोळ झाला. साउथ कॅरोलिनात ओबामा मोठ्या फरकानं जिंकले, त्या दिवशी बिल क्लिंटन म्हणाले की जेसी जॅक्सनही १९८४ आणि १९८८ मध्ये इथं जिंकले होते. हेही खरं होतं, पण ऐकणाऱ्याला बरोबर कळलं की यात ‘काळा उमेदवार काळ्यांच्या मतांवर जिंकला, एवढंच’ असा चिमटा आहे. जॅक्सन स्वतः म्हणाले, मला यात वाईट काही वाटलं नाही. राग आला तो इतरांना. उलट बाजूनं, ओबामांच्या समर्थकांमधून हिलरींच्या कपड्यांवर, हसण्यावर, आवाजावर जे बोललं गेलं, त्याबद्दल कुणी ओबामांना जाब विचारला की ती ‘रडारड’ ठरायची.

गॅलपनं मार्च २००८ मध्ये विचारणा केली. हिलरींच्या समर्थकांपैकी २८ टक्के म्हणाले, ओबामा उमेदवार झाले तर आम्ही रिपब्लिकन मॅकेनला मत देऊ. ओबामांच्या समर्थकांपैकी १९ टक्के म्हणाले, हिलरी झाल्या तर आम्हीही तेच करू. माझ्या त्या पानावरचे दोन रकाने आठवा. जवळजवळ सारखे. आणि त्यातला एक रकाना नाकारला गेला तर चौथाई माणसं संपूर्ण उलट्या रकान्यात जायला तयार! नोव्हेंबरपर्यंत बहुतेकांचा राग निवळला, ते ओबामांकडे आले, आणि हिलरी तर त्यांच्याच परराष्ट्रमंत्री झाल्या. पुन्हा अनीस आणि दबीर.

इथं शब्दाबद्दल थोडं विषयांतर करते, शिक्षकाची खोड आहे. आपण मराठीत सर्रास लिहितो, अमुक नेत्याचा करिष्मा. आपल्याला वाटतं, हा इंग्रजीतला करिझ्मा. इंग्रजी शब्द ग्रीकमधून आला, मूळ अर्थ दैवी देणगी, आणि समाजशास्त्रात तो रुजवला मॅक्स वेबरनं. पण आपल्याकडे फारसीतला करिश्मा त्याच्या कितीतरी आधीपासून होता. त्याचा अर्थ नखरा, डोळ्यांचा इशारा, आणि मग चमत्कार. दोन शब्दांचं एकमेकांशी नातं नाही, नुसता आवाज जुळला. तरीही नेत्यांच्या बाबतीत मला आपला फारसीच जास्त बरोबर वाटतो. कारण देणगी कुणाला मिळाली हे तपासता येतं. डोळ्यांचा इशारा मात्र ज्याला त्याला वाटतो की आपल्यालाच केला.

जून २००८. डेट्रॉइटला ओबामांची सभा होती. व्यासपीठाच्या मागं बसणारे लोक टीव्हीच्या चौकटीत दिसतात, म्हणून तिथं कुणाला बसवायचं हे कार्यकर्ते निवडून ठरवतात. डोक्याला हिजाब बांधलेल्या दोन तरुण मुस्लिम मुलींना कार्यकर्त्यांनी तिथं बसू दिलं नाही. बातमी फुटली, प्रचार यंत्रणेनं माफी मागितली, ओबामांनी स्वतः त्या मुलींना फोन केला. मी ही बातमी स्टाफरूममध्ये सांगितली. मला ती लागली होती. त्या मुली माझ्याहून दोन-चार वर्षांनीच लहान असतील आणि डोक्यावरून ओढणी मीही घेते. मला वाटलं होतं निदान इथं तरी सगळ्यांना वाईट वाटेल. वाटलं, पण माझं. ‘ऐन निवडणुकीत हे काय उकरून काढता? त्याला निवडून यायचंय की नाही?’ दुसऱ्या दिवशीपासून मी हिलरीवाली ठरले, ते ठरलेच. त्या आधीच हिलरींनी माघार घेतली होती, ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही.

याहून अवघड तुलना पुढं करावी लागली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सहाव्या दिवशी जॉर्ज बुश वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये गेले, पायातले बूट काढून आत गेले, आणि म्हणाले की मुसलमान स्त्रियांना डोकं झाकून बाहेर पडायची भीती वाटावी असा आपला देश नाही. ओबामा अमेरिकेतल्या मशिदीत राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिल्यांदा गेले ते ३ फेब्रुवारी २०१६ ला, बाल्टिमोरला. कारकिर्दीचं आठवं वर्ष चालू होतं. परदेशातल्या मशिदी त्यांनी आधी पाहिल्या होत्या, कैरोचं भाषण २००९ मध्येच सलाम करून झालं होतं. घरच्या मशिदीला मात्र सात वर्षं लागली. का लागली, हे समजायला फार हुशारी नको. ज्याला रोज मुसलमान म्हणून हिणवलं जातं, तो मशिदीजवळून जातानाही पलीकडच्या फुटपाथवरून जातो. बुशना ती धास्ती नव्हती.

ही तुलना मी एका वलीमाच्या जेवणात केली. माझे मामू ताटावरून हात उचलून म्हणाले, ‘बेटा, इराकमध्ये मेले ते कुणी मारले?’ प्रश्न अगदी रास्त आहे. बुशनी मशिदीत बूट काढले म्हणून मार्च २००३ चा हल्ला धुतला जात नाही, गुप्त पाळतीचे आणि चौकशांचे कायदे धुतले जात नाहीत. पण मामूंनी तो प्रश्न माझं म्हणणं तपासायला विचारलेला नव्हता, बंद करायला विचारला होता. मशिदीचं पारडं वेगळं, युद्धाचं वेगळं. दोन्ही मांडायची म्हणजे मुवाजना. आणि युद्धाचं पारडं मांडायचंच तर ओबामांचंही मांडावं लागेल. त्यांच्याच सरकारनं जुलै २०१६ मध्ये आकडे दिले. रणभूमीबाहेरच्या देशांत सात वर्षांत ४७३ हल्ले, बहुतेक ड्रोननं, आणि त्यांत ६४ ते ११६ निरपराध मेले. बाहेरच्या संस्थांचे आकडे त्याहून बरेच मोठे आहेत. हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा मामू काही बोलले नाहीत, नुसते ‘खीर घे’ म्हणाले.

माणसं खोटारडी असतात म्हणून असं वागतात, असं मला वाटत नाही. पक्ष किंवा नेता एकदा घरच्या माणसासारखा झाला की त्याच्याबद्दलचं बोलणं घरच्या माणसाबद्दलच्या बोलण्यासारखं ऐकू येतं. अमेरिकेत एक साधा प्रश्न विचारला गेला, तुमच्या मुलानं किंवा मुलीनं दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का? १९६० साली दोन्ही पक्षांत जेमतेम चार-पाच टक्के लोक ‘हो’ म्हणाले. २०१० साली रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांपैकी एक तृतीयांश. आपल्याकडे जात आणि मजहब जे काम करतात ते तिथं पक्ष करायला लागला.

मग मोजमापही त्याप्रमाणं बदलतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांना विचारलं गेलं की खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक कामात नीट वागू शकतो का? ३० टक्के म्हणाले, वागू शकतो. पाच वर्षांनी, डोनाल्ड ट्रम्प उमेदवार असताना, तोच प्रश्न विचारला. ७२ टक्के म्हणाले, वागू शकतो. बायबल तेच होतं. उदारमतवाद्यांनी हसू नये. ग्वांतानामोचा तुरुंग बुशच्या काळात त्यांच्या लेखी देशावरचा कलंक होता. ओबामांनी तो बंद करायचं वचन दिलं, बंद झाला नाही, आणि २०१२ च्या एका पाहणीत स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्या डेमोक्रॅटांपैकी ५३ टक्क्यांनी सांगितलं, चालू राहू दे. ज्योफ्री कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गरिबांना सरकारी मदत देण्याची योजना विद्यार्थ्यांना दाखवायची आणि ती अमुक पक्षाची आहे असं सांगायचं. नाव बदललं की पसंती बदलायची. योजना कडक असली तरी ‘आपल्या’ पक्षाची असली की उदारांना चालायची, आणि सढळ असली तरी ‘आपली’ असली की पुराणमतवाद्यांना. नंतर विचारलं, तुमच्या मतावर पक्षाचा परिणाम झाला का? छे, आम्ही योजना वाचून ठरवलं. आणि इतरांच्या? हो, त्यांच्या नक्कीच.

राष्ट्राध्यक्षीय पद्धतीत हे जास्त ठळक होतं, कारण सगळं एका चेहऱ्यावर येऊन थांबतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी या दोन पद्धतींचा मुवाजनाच केला होता. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत सरकारला रोज जाब विचारता येतो. लोकशाहीला दोन्ही सारख्या प्रमाणात मिळत नाहीत आणि आपण जबाबदारीला झुकतं माप दिलंय, असं त्यांचं सांगणं. मुद्दे मांडले, दोन्ही बाजूंना काय मिळतं ते सांगितलं, मग निवड केली. आज आपण संसदीय पद्धत ठेवून निवडणुका मात्र चेहऱ्यावर लढतो, म्हणजे जबाबदारीही कमी आणि स्थैर्याचीही खात्री नाही. असो, तो वेगळा लेख होईल.

बाबासाहेबांनी केलेली आणखी एक तुलना मला जास्त महत्त्वाची वाटते. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात डेक्कन सभेनं न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीला त्यांना बोलावलं. त्यांनी रानड्यांना गांधी आणि जिना यांच्या शेजारी ठेवलं. काळ कोणता होता ते बघा. गांधी तुरुंगात, जिना ऐन भरात, दोघांच्या अनुयायांना आपला नेता सोडून दुसरा कुणी दिसत नाही. अशा वेळी त्या दोघांच्या अहंकारावर बोट ठेवायचं आणि तोवर जवळजवळ विसरल्या गेलेल्या, लोकांच्या टाळ्या न मिळालेल्या रानड्यांना मोठं म्हणायचं! वर्तमानपत्रांत टीकेची झोड उठली. भाषण पुस्तकरूपानं छापताना बाबासाहेबांना प्रस्तावनेत उत्तर द्यावं लागलं, की मी या दोघांचा द्वेष करत नाही, मूर्तिपूजा मला मान्य नाही इतकंच. म्हणजे त्यांनाही लोकांनी तोच प्रश्न विचारला होता, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? आम्हा मुसलमानांना तर मूर्तिपूजा वर्ज्यच. निदान नेत्यांच्या बाबतीत ती वर्ज्य करायला आम्हाला सगळ्यांत सोपं जायला हवं होतं.

जात नाही. आम्ही मसीहा शोधत राहतो. अमेरिकेतल्या मुसलमानांची गेल्या पंचवीस वर्षांची गोष्ट हीच आहे. ऑक्टोबर २००० मध्ये बुश यांनी गोर यांच्याबरोबरच्या वादसभेत गुप्त पुराव्यांवर अरबांना अडकवण्याबद्दल दोन वाक्यं बोलली, तर मोठमोठ्या मुस्लिम संघटनांच्या आघाडीनं बुशना जाहीर पाठिंबा दिला. वर्षभरात काय झालं ते सांगायला नको. मग ओबामा. त्या काळात खरं सांगायचं तर आम्हाला सगळ्यांत नीट उत्तर दिलं ते एका रिपब्लिकन माणसानं. ऑक्टोबर २००८ मध्ये मॅकेनच्या सभेत एक बाई म्हणाली, ओबामा अरब आहे. मॅकेननी तिच्या हातून माइक घेतला आणि म्हणाले, नाही, तो सभ्य, कुटुंबवत्सल माणूस आहे. स्वतःच्याच गर्दीची नाराजी पत्करून ते हे बोलले, म्हणून त्यांचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण अरब नाही, सभ्य आहे, हे वाक्य एखाद्या अरबानं कसं ऐकायचं? नऊ दिवसांनी कॉलिन पॉवेल टीव्हीवर म्हणाले, ओबामा मुसलमान नाहीत हे बरोबर उत्तर आहे, पण खरं बरोबर उत्तर असं, की असते तर काय बिघडलं असतं? इराकमध्ये मेलेल्या एका मुस्लिम अमेरिकी सैनिकाच्या कबरीचा, त्यावरच्या चंद्रकोरीचा त्यांनी उल्लेख केला. आता पॉवेल म्हणजे इराककडे घातक अस्त्रं आहेत असं २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सांगणारे पॉवेल. तेच तोंड, दोन बोलणी. आणि त्यांच्या पक्षातल्या एका बड्या रेडिओवाल्यानं लगेच निकाल दिला, पॉवेलनी ओबामांना पाठिंबा दिला तो केवळ कातडीच्या रंगामुळं.

माझे दोन खालाजाद भाऊ डेट्रॉइटजवळ राहतात. थोरला वीस वर्षांपासून, धाकटा त्याच्या मागून गेलेला. २०२४ च्या निवडणुकीत थोरल्यानं कमला हॅरिसना मत दिलं, धाकट्यानं ट्रम्पना. गाझावरून. त्यांच्या शेजारच्या डिअरबॉर्न शहरात अरब वस्ती मोठी आहे. २०२० मध्ये तिथं बायडेनना दोन तृतीयांशांहून जास्त मतं होती. २०२४ मध्ये ट्रम्पना साधारण ४२ टक्के, हॅरिसना ३६ आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइनना १८. नुसत्या आकड्यांवरून कळतं किती घरं फुटली असतील.

निवडणुकीच्या अगदी तोंडावर दोघांनीही मला वेगवेगळा फोन केला. खाला इथं माझ्याजवळच राहते, तिच्या मोतीबिंदूचं निमित्त होतं, पण बोलणं तिकडं वळलंच. मी दोघांना तेच सांगितलं. ट्रम्पनी जेरुसलेम इस्रायलची राजधानी मानली, २०१८ मध्ये दूतावास तिकडं नेला, २०१९ मध्ये गोलानही मान्य केलं. २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या लोकांना बंदी घातली, ती बायडेननी पहिल्याच दिवशी उठवली. बायडेननी वर्षभर इस्रायलला बॉम्ब पाठवले, मे २०२४ मध्ये मोठ्या बॉम्बची एक खेप थांबवली, बाकी चालू राहिलं. हॅरिसच्या पक्षानं शिकागोच्या अधिवेशनात एका पॅलेस्टिनी वंशाच्या माणसाला पाच मिनिटं बोलू दिलं नाही, आणि प्रचाराला मिशिगनमध्ये डिक चेनींची मुलगी आणली. ट्रम्प निदान डिअरबॉर्नला येऊन बसले. थोरला म्हणाला, ‘तू ट्रम्पचं मार्केटिंग करतेस.’ धाकटा म्हणाला, ‘आपा, भाईजाननं तुला पढवलंय.’ माझी यादी दोघांसाठी शब्दाला शब्द सारखी होती. यादीतल्या एकाही ओळीला दोघांपैकी कुणी खोटं म्हणालं नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प म्हणाले, गाझा अमेरिका ताब्यात घेईल, तिथल्या लोकांनी दुसरीकडे जावं. ४ जूनला त्यांनी बारा देशांच्या लोकांना प्रवेशबंदी जाहीर केली. थोरल्याचा निरोप आला, ‘मी सांगितलं होतं.’ धाकट्याचा आला, ‘बॉम्ब कुणी दिले होते, विचार त्याला.’ दोघंही मलाच सांगत होते, कारण निवडणुकीपासून ते एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांची घरं गाडीनं पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत.

मग दोनच दिवसांत बकरी ईद. दरवर्षी थोरल्याच्या घरून एकच व्हिडिओ कॉल यायचा, सगळी पोरंटोरं एका चौकटीत कोंबलेली. त्या वर्षी दोन आले. खालाला ऑपरेशननंतर आता स्वच्छ दिसतं. आधी थोरल्याचा आला, तिनं त्याला विचारलं, छोट्याकडे कुर्बानी कधी आहे? तो म्हणाला, असेल आजच. तासाभरानं धाकट्याचा आला, तिनं त्याला विचारलं, भाईजानकडे जाऊन आलास का? तो म्हणाला, अम्मी, नेटवर्क जरा खराब आहे.